गल्ला माळकऱ्याच्या हाती द्यावा का?

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. तुझ्या खत-बियाण्याच्या दुकानाच्या गल्ल्यावर बसायला दोघं आलेत, एकाच्या गळ्यात माळ, दुसरा देवळाची पायरी चढत नाही, आणि वहिनींचं मत माळकऱ्याच्या पारड्यात. तू विचारतोस, देवधर्म करणारा माणूस जास्त सरळ असतो का? असं ठोक विचारलंस तर उत्तर हाती लागायचं नाही. त्यापेक्षा माळ माणसाला कशाकशात बांधते आणि कुठे मोकळं सोडते, ते बघ.

तुळशीची माळ विकत आणून गळ्यात घातली की कुणी वारकरी होत नाही. ती वारकऱ्यांच्या फडावरच्या, म्हणजे गुरुपरंपरेच्या गादीवरच्या, महाराजांच्या हातून घालून घ्यायची असते आणि घालताना नेम सांगतात: रोज हरिपाठ, दोन्ही पक्षांतली एकादशी, पंढरीची वारी, मांस-मद्य वर्ज्य, परस्त्री मातेसमान, परद्रव्य विषासमान. माळ तुटली तर ओवून पुन्हा घालेपर्यंत बरेच जण अन्नाला शिवत नाहीत. आता या नेमांकडे दुकानदाराच्या नजरेनं बघ. एकादशीला कोण जेवला, ढाब्यावर कोण बसला, आषाढीला कोण घरी राहिला, हे सगळं गावाला दिसतं. परस्त्रीचंही गावात फार दिवस लपत नाही. राहिलं परद्रव्य. ते गल्ल्यात असतं आणि गल्ल्यावर माणूस एकटा असतो. जो नेम चारचौघांत पाळायचा तो टिकतो. जो एकट्यानं पाळायचा, त्याला माळेचा आधार फार थोडा. तुझं काम नेमकं त्या शेवटच्या नेमाशी आहे.

दारूच्या बाबतीत मात्र माळेला मी पैकीच्या पैकी गुण देईन, आणि तुझ्या उमेदवाराची तीन वर्षांपूर्वी माळेनं सुटली यात मला नवल वाटत नाही. बहुतेक गावांत हरिपाठ दिवेलागणीला असतो. अभंग २७, टाळ-मृदंगासह म्हटले की पाऊण-एक तास जातो, आणि पिणाऱ्याचे पाय गुत्त्याकडे वळतात ती वेळ हीच. ती वेळ भरून निघते, बसायला दुसरी माणसं मिळतात, आणि जुने सोबती गळ्याकडे बघून आग्रह करत नाहीत. ‘नको’ म्हणायचं काम माळच करते.

पण तुझ्या गोदामातला हमालही आता माळ घ्यायचं म्हणतोय, तर त्याला आधी डॉक्टरांकडे पाठव. रोज भरपूर पिणाऱ्यानं एका दिवसात बंद केली की पहिल्याच दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो; पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते; दोन-चार दिवसांत भ्रम होऊन जिवावरही बेततं. गोळ्या घेऊन, नजरेखाली सोडवावी लागते, माळ मागून घालता येते. आणि घसरला तर? एकदा प्यायला की ‘माळ बाटली’ म्हणून ती खुंटीला टांगायची आणि मग धरबंधच सोडायचा, हे फार होतं. चूक कबूल करून दुसऱ्या दिवशी पुन्हा हरिपाठाला येऊ देणारी मंडळी असतील तिथेच तो निभतो.

वारीतली एक व्यवस्था तुझ्या दुकानालाही लागू पडेल. ज्ञानोबांची पालखी संध्याकाळी तळावर आली की दिंड्या सभोवती उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा नुसता कल्लोळ असतो. शिस्त राखणारे चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, उंचावतात आणि एवढा समाज क्षणात गप्प होतो. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती मात्र टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्याकडे जातात, गाऱ्हाणं ऐकून घेतात. मग हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारतात, उद्याची निघायची वेळ सांगतात, आणि त्यानंतर आरती. लाखोंचा समाज शिस्तीत चालतो तो नुसत्या भक्तीवर नाही रे; तक्रारीला रोजची ठरलेली जागा आहे म्हणून. हैबतबाबा आरफळकरांनी ही शिस्त बसवली. ते स्वतः सरदार होते, लष्कर कसं चालतं ते त्यांना ठाऊक होतं.

आणि जिथे व्यवस्था केली नाही तिथे भक्ती असून काय झालं, तेही पंढरपुरातच दिसतं. चोखोबा गेले १३३८ साली, मंगळवेढ्यात गावकुसाची भिंत कोसळून. समाधी विठोबाच्या देवळाच्या महाद्वारापाशी, बाहेर. त्यांचे अभंग शतकानुशतकं आवडीनं गायले गेले, पण त्यांच्या जातीच्या माणसांना आत जाता आलं ते १९४७ साली, साने गुरुजी मे महिन्यात उपोषणाला बसल्यावर. सहाशे वर्षांत त्या दारातून गेलेल्यांत खोटे भक्त किती असतील? बहुतेक सगळे मनापासून रडले असतील विठोबापुढे. चंद्रभागेच्या वाळवंटात एकमेकांच्या पाया पडायची रीत होती, ती त्यांनी पाळली. देवळाच्या दारात ती रीत नव्हती, म्हणून तिथे कुणाला चुकल्यासारखं वाटलं नाही.

हे वारकऱ्यांपुरतं नाही. अमेरिकेत प्रिन्स्टनला पाद्री होण्यासाठी शिकणाऱ्या ४० विद्यार्थ्यांवरचा एक प्रयोग १९७३ साली छापून आला. त्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण करायला सांगितलं. काहींचा विषय तर येशूनं सांगितलेली गोष्टच होती, वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्या परक्या माणसाची. वाटेत एक माणूस कण्हत, खोकत दारात कोसळलेला, म्हणजे तसं सोंग घेतलेला. हाताशी वेळ होता त्यांतले ६३ टक्के थांबले, वेळेत पोचायचं होतं त्यांतले ४५, आणि ‘उशीर झालाय’ असं सांगून धाडलं त्यांतले फक्त १०. श्रद्धा किती आणि कशी, यावरून कोण थांबेल हे सांगता आलं नाही. गोष्टीवर बोलायला निघालेलेही घाईत पुढे निघून गेले. आषाढीच्या दर्शनबारीत धक्काबुक्की करणारा माणूस आदल्या दिवशी दिंडीत कुणाचे तरी पाय चेपत असतो, त्याचं कोडं मला या आकड्यांनी थोडं सुटतं.

दुसऱ्या उमेदवाराला देव नाही म्हणून वहिनींना धास्ती वाटते, ती मात्र सोडून द्यायला सांग. नास्तिक असलेल्या नरेंद्र दाभोलकरांनी साताऱ्यात व्यसनमुक्तीचं काम उभं केलं. पण नास्तिक आहे एवढ्यावरून त्यालाही वरचे गुण देऊ नकोस.

तेव्हा दोघांनाही एकच कसोटी लाव. माळकऱ्याची माळ कुणाच्या हातची, दिंडी कुठली, ते विचार, आणि मग त्या दिंडीत वर्गणीचा हिशोब ठेवणाऱ्याला गाठ. पैसा हातात आल्यावर हा कसा वागतो, हे तो कीर्तनकारापेक्षा नेमकं सांगेल. दुसऱ्याच्या बाबतीत आधीच्या मालकाला विचार. गल्ला रोज संध्याकाळी दोघांनी मोजायचा, वहीत दोघांच्या सह्या, आणि तफावत आली तर त्याच दिवशी बोलायची. चोपदाराचं काम तू कर: नोकराला तुझ्याविरुद्धही टाळ वाजवता आला पाहिजे.

आता तुझ्याबद्दल एक बोलतो, रागावू नकोस. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीवर २६६ रुपये ५० पैसे छापलेत. हंगामात तुटवडा पडला की वर पैसे घ्यायचे, नाहीतर सोबत नको असलेली औषधाची बाटली गळ्यात मारायची, हे लिंकिंग सगळीकडे चालतं. मालकानं सांगितलं की माळकरी ते करेल आणि रात्री हरिपाठही म्हणेल, कारण लिंकिंगला परद्रव्य म्हणतात हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. त्यानं नको म्हटलं, तर मात्र दुसरा विचार न करता त्याला ठेवून घे आणि लिंकिंग बंद कर.

आणि त्याला घेतलंसच तर एक ध्यानात ठेव. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींचं आळंदीहून प्रस्थान असतं. जाऊन-येऊन तो तीनेक आठवडे नसणार, आणि तेव्हाच तुझ्याकडे बियाणं-खताला रांग लागलेली असते. बदली माणूस आत्ताच हेरून ठेव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
वसंत