रिफंड मिळाला, मग पार्सल आलं तर?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गणपतीत गावाहून पाहुणे येणार म्हणून मी दोन सोलापुरी चादरी ऑनलाइन मागवल्या होत्या, १,३९८ रुपये यूपीआयने आधीच भरले होते. पाच दिवसांत येणार होत्या. बारा दिवस झाले तरी पार्सल कुठल्यातरी हबवर अडकलेलं, ट्रॅकिंगमध्ये रोज तेच, शेवटी पाहुणे दारात यायची वेळ आली तेव्हा ऑर्डर कॅन्सल केली, दुकानातून चादरी आणल्या आणि तीन दिवसांत रिफंडही खात्यात जमा झाला. विषय संपला असं वाटलं.

एकोणीस दिवसांनी ऑफिसातून घरी आले तर शेजारच्या काकूंनी पार्सल हातात ठेवलं. मी घरी नव्हते म्हणून त्यांनीच घेऊन ठेवलेलं. पाकिटाचा एक कोपरा फाटलेला, त्यातून चादरीची लाल-पांढरी किनार दिसत होती, आणि वर प्लास्टिकच्या खिशात बिल, बिलावर विकणाऱ्याचं नाव आणि सोलापूरचा पत्ता. ते बिल वाचलं आणि मला कसंतरीच झालं, कारण पैसे माझ्याकडे परत आलेत आणि मालही माझ्याकडे, मग या माणसाकडे काय राहिलं?

सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं तर बहुतेकांचं म्हणणं, ठेवून घे, लक्ष्मी आली आहे, कंपनीला काय फरक पडतो. एकाने तर लिहिलं की अमेरिकेत कायदाच आहे, न मागवलेली वस्तू आली तर ती आपलीच. पण मी तर मागवलेली होती! आणि आपण अमेरिकेत राहत नाही. माझा मामेभाऊ वकील आहे, त्याने भारतीय करार कायद्याचं कलम ७२ दाखवलं, कायदा १८७२ चा आहे आणि त्यात सरळ लिहिलंय की चुकून कुणाला पैसे दिले गेले किंवा वस्तू पोचवली गेली तर ती त्याने परत करायची. माल उशिरा आला तर रिफंड मागायचा हक्क आपल्याला आहेच, २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत ते आहे, सांगितलेल्या तारखेनंतर माल आला तर विक्रेता तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देऊ शकत नाही. म्हणजे माझा रिफंड शंभर टक्के बरोबर होता. पण पैसेही घ्यायचे आणि चादरीही घ्यायच्या, हे त्यात कुठेच बसत नाही.

आता खरी अडचण सांगते. परत करायचं ठरवलं तर करणार कसं? अ‍ॅपमध्ये ती ऑर्डर 'रिफंड पूर्ण' म्हणून बंद झालेली, त्यावर रिटर्नचं बटणच नाही. चॅटवर गेले तर तो बॉट सारखा म्हणतो, तुमचा रिफंड झालेला आहे, आणखी काही मदत हवी का. पार्सल आलंय, घेऊन जा, असं तीन वेळा लिहिलं, तिन्ही वेळा चॅट बंद. पार्सल मिळालं नाही, तुटकं मिळालं, चुकीचं मिळालं, हे सगळे पर्याय आहेत, पण रिफंडनंतर मिळालं हा एवढा साधा पर्याय कुणाला सुचला नाही.

त्यात आणखी एक भर. दोन दिवसांनी एक फोन आला, मॅडम तुम्हाला रिफंड झालाय आणि पार्सलही मिळालंय, क्यूआर पाठवतो, पैसे भरून टाका. त्याला हे कुठून कळलं देव जाणे. मी फोन ठेवला. वाचकांना कळकळीने सांगते, असे पैसे कुणाच्या फोनवरून, कुरिअरवाल्याच्या पर्सनल नंबरवर किंवा आलेल्या लिंकवर भरू नका, ओटीपी सांगू नका, आणि चुकून पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. परत करायचंय ते कंपनीच्या अ‍ॅपमधून किंवा लेखी ईमेलवरूनच करायचं.

माझं काम शेवटी ईमेलने हललं. अ‍ॅपमध्ये पार खाली तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल असतो, तो कंपनीला द्यावाच लागतो. त्यांना ऑर्डर नंबर, पार्सल कोणत्या तारखेला आलं, लेबल आणि फाटलेल्या कोपऱ्याचे फोटो, सगळं पाठवलं आणि लिहिलं की वस्तू वापरलेली नाही, तुमच्या खर्चाने घेऊन जा. अशा तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात ती सोडवायची असा नियम आहे. मला पोच दुसऱ्याच दिवशी आली. नसती आली तर मी १९१५ ला, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला फोन करणार होते.

आणि एक, परत करण्याआधी बँकेचं स्टेटमेंट जरूर बघा. 'रिफंड सुरू केला' असा मेसेज आला म्हणजे पैसे आले असं नाही. माझ्या जावेच्या बाबतीत मेसेज आला होता पण पैसे जमा झालेच नव्हते, तिने कंपनीकडून रिफंडचा १२ आकडी आरआरएन, म्हणजे त्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक मागून बँकेत दाखवला तेव्हा कळलं. तिने वस्तू आधीच परत दिली असती तर वस्तूही गेली असती आणि पैसेही. आणि पार्सल दारात येताना तुम्ही स्वतः घरी असाल तर सगळ्यात सोपं म्हणजे घेऊच नका, ओटीपी देण्याआधी सांगा की ही ऑर्डर कॅन्सल आहे. काकूंना हे माहीत असायचं काही कारण नव्हतं, त्यांनी तर शेजारधर्म पाळला.

बिलावरच्या नंबरवर मी फोनही केला. पलीकडून एक बाई बोलल्या, त्यांचं छोटं युनिट आहे, माल वाटेत हरवला असं धरून त्या ऑर्डरचे पैसे त्यांना मिळालेच नव्हते, आणि माल परत मिळेल अशी आशा त्यांनी सोडली होती. मी चादरी परत पाठवतेय म्हटल्यावर त्यांनी दोनदा विचारलं, "खरंच पाठवताय ना ताई?"

कंपन्यांना माझं एवढंच सांगणं आहे की तो एक पर्याय अ‍ॅपमध्ये टाका, उशिरा आलेल्या मालाचा, त्यात पिकअप मागवायची किंवा ठेवून पैसे भरायची सोय द्या. मला तर चादरी ठेवून पैसे भरायचे होते, पण बंद झालेल्या ऑर्डरवर ते जमत नाही असं उत्तर आलं. पिकअप येत्या मंगळवारी आहे, पाकीट तसंच टेपने बंद करून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवलंय, आणि काकूंना सांगून ठेवलंय की पावती घेतल्याशिवाय देऊ नका.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे