बारा मिलिमीटर

प्रिय शैले,

सात महिन्यांत पत्र नाही, फोनवर नुसतं "मी ठीक, तू कशी?" रागावली असशील तर रागाव. मी बरी आहे. सीए-125 (कॅन्सरची खूण बघायची ती रक्ततपासणी) अकरा, म्हणजे ठीक, स्कॅन स्वच्छ, केस परत आलेत तेही कुरळे. झालं आरोग्यपुराण.

आता मुद्दा. मी परत जर्नल खोटं लिहिलं.

हसू नकोस. कॅन्सरच्या एका लसीच्या प्रयोगात मी नाव घातलंय, हे तुला सांगितलंच नव्हतं, सुरेशलाही सही करून आल्यावर कळलं. (दोन दिवस तोंड फुगवून होता. मग स्वतःच फॉर्मची चोवीस पानं पेन्सिलने खुणा करत वाचली.) केमो संपल्यावर मला घरी पाठवलं. दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचं, बास. आजार दिसत नाही म्हणून मला औषधही दिलं नाही. पण अंडाशयाचा कॅन्सर तिसऱ्या टप्प्यात सापडलेल्यांपैकी बहुतेकींचा परत येतो, हे मलाही पाठ आणि डॉक्टरीणबाईंनाही. तर या मधल्या रिकाम्या दिवसांत लस टोचून बघायची, असा हा प्रयोग. गाठीच्या पेशींवर फोलेट रिसेप्टर नावाचं प्रथिन भरमसाट असतं. त्याचे तुकडे टोचायचे, म्हणजे पांढऱ्या पेशींनी तो चेहरा ओळखून ठेवावा आणि कुठे एखादी चोरटी लपून बसली असेल तर धरावी. फोलेट म्हणजे तेच गं, अनघाच्या वेळी तू समोर उभी राहून गिळायला लावायचीस त्या गोळ्या!

निम्म्या जणींना लस, निम्म्यांना प्लासिबो, म्हणजे लस नसलेलं नुसतंच इंजेक्शन. कुणाला काय, हे मला ठाऊक नाही आणि टोचणाऱ्या नर्सलाही नाही. घरी न्यायला एक वही आणि पारदर्शक मोजपट्टी देतात. सात दिवस रोज रात्री दंडावरची लाली मोजायची नि लिहायची. वेटिंग रूममध्ये तेवढाच विषय. एक बाई म्हणाली, "माझा दंड पावासारखा फुगलाय," आणि आम्ही बाकीच्या तिच्याकडे अशा बघत राहिलो, जणू तिला लॉटरी लागली.

माझा फुगला नाही. तिसऱ्या इंजेक्शननंतर दुसऱ्या रात्री न्हाणीघरातला मोठा दिवा लावून मोजलं, आठ मिलिमीटर. पट्टी फिरवून मोजलं, आठच. लिहिलं बारा. दहा लिहिणार होते, पण दहा बनावट वाटलं असतं.

विलिंग्डन कॉलेजात केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलचं ते टायट्रेशन आठवतंय ना, ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत रंग बदलेपर्यंत मोजायचं? दोन रीडिंगं घेऊन तिसरं मी मनाने ठोकून दिलं होतं. तू मात्र गुलाबी रंग जमेना म्हणून ब्युरेट परत परत भरत बसलीस नि साडेपाचची तासगाव एसटी चुकवलीस. वर मला म्हणालीस, "कुंदे, तुला उत्तर आधीच हवं असतं." दिवाळीपर्यंत आपण बोललो नव्हतो. चूक तुझीही होती, तू ते सगळ्या बॅचसमोर म्हणालीस. पण वाक्य खरं होतं, आणि त्या रात्री न्हाणीघरात तेच कानात वाजलं.

आणि गंमत बघ. अशाच एका लसीचा मोठा प्रयोग झाला होता, अ‍ॅबागोव्होमॅब नावाची. 888 बायका, सगळ्या माझ्यासारख्या पहिल्या उपचारातून बाहेर आलेल्या. 2013 साली निकाल छापून आला. अंगाने लसीला ओ दिली होती, रक्तात ती दिसतही होती. तरी आजार परत यायचा तो आलाच, प्लासिबोवाल्यांइतकाच. म्हणजे दंड लाल होऊनही काही हाती लागेलच असं नाही! हे सगळं मला माहीत आहे, तरी चार मिलिमीटर चोरले. मागच्या त्या 888 जणींच्या नोंदी खऱ्या होत्या म्हणून तर मला आज एवढं कळतंय. फसवलं कुणाला? सुरेश म्हणतो, चार मिलिमीटरने काय होतंय. त्याला कॉमर्सवाल्याला काय सांगायचं?

तुझं लिही. गुडघ्याचं ऑपरेशन केलंस की अजून तेलच चोळतेयस? वाड्याचं बिल्डरकडे गेलं का? मुक्ताच्या बाळाचा फोटो मिळाला, कान थेट भाऊजींचे. बिचारं.

उद्या वही घेऊन जायचंय. चुकलं तर खोडरबर नाही, पांढरी शाई नाही. एक आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख. जर्नलमध्ये सर सांगायचे अगदी तसंच. बारावर रेघ मारलीय, बाजूला 8 लिहिलंय. सही करायच्या आधी तुला लिहायला बसले.

तुझी,
कुंदा

ता.क. आईला लसीचं बोलू नकोस. तिला वाटतंय मी फ्लूचं इंजेक्शन घेते.