संदेश आला तरी तो तपासून वाचावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ध्यान आणि स्वयंलेखन (हात सैल सोडून आपोआप उमटेल ते कागदावर येऊ देणे) यांच्या मदतीने अदृश्य मार्गदर्शकाशी संपर्क कसा साधावा, यावरचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. बैठक कशी असावी, श्वासावर लक्ष कसे ठेवावे, पेन्सिल कशी धरावी हे लेखकाने चांगले समजावून सांगितले आहे. पण कागदावर जे उतरते ते वाचायचे कसे, याबद्दल एवढेच म्हटले आहे की आलेल्या संदेशावर शंका घेऊ नये, शंकेने संपर्क तुटतो. हे पत्र मी त्या एका वाक्यासाठी लिहिते आहे.

मी स्वतः सहा वर्षे हे करते. थोरली बहीण गेली, त्यानंतर सुरुवात केली. तिचा शेवटचा फोन आला तेव्हा मी कामात होते. ‘नंतर करते गं ताई’ म्हणून ठेवून दिला आणि तो नंतर कधी आलाच नाही. ज्यांचे असे काही बोलायचे राहून गेले आहे, त्यांना हा मार्ग का ओढून घेतो हे वेगळे सांगावे लागणार नाही.

पहाटे उठून वीस-पंचवीस मिनिटे श्वास बघत बसायचे. मग मनगट अगदी सैल सोडून मऊ शिशाची पेन्सिल कागदावर नुसती टेकवायची. पहिले तीन आठवडे वेटोळ्यांपलीकडे काही आले नाही. एके दिवशी अक्षरे उमटली. हात लिहितो आहे आणि आपण बाजूला बसून बघतो आहोत, ही जाणीव खरीखुरी असते, त्यात ढोंग नसते. ज्यांनी कधी करून पाहिले नाही त्यांनी हसू नये, एवढेच म्हणेन.

या लिखाणाला शिरोरेघ नसते. पेन्सिल फारशी उचललीच जात नाही, त्यामुळे शब्द एकमेकांत शिरलेले असतात. नंतर आपणच ते तोडून वाचायचे. एका पानावर ओळ आली होती, ‘येणारनाहीविसरणार’. मी लगेच वाचले, ‘येणार. नाही विसरणार.’ दिवसभर त्या आनंदात होते. रात्री वही पुन्हा उघडली तेव्हा लक्षात आले की तीच अक्षरे ‘येणार नाही. विसरणार.’ अशीही वाचता येतात. पूर्णविराम पानावर नव्हता, तो मी दिला होता. हे कळल्यावर मी कितीतरी वेळ वही मांडीवर घेऊन तशीच बसून होते.

पुढे माझ्या लिखाणात एक ‘गुरू’ येऊ लागले. आपण कित्येक शतकांपूर्वीचे, असे ते सांगत. एकदा त्यांनी ताईचा निरोप आणला. निरोप गोड होता आणि शेवटी ‘आशिर्वाद’ असा शब्द होता, ‘शि’ ऱ्हस्व. शाळेपासून मी हा शब्द असाच चुकीचा लिहीत आले आहे. ताई माझ्या प्रत्येक पत्रात त्यावर लाल गोल करायची. ‘शी दीर्घ!’ म्हणून ओरडायची. तिने तो शब्द ऱ्हस्व लिहिला असता, यावर माझा जन्मात विश्वास बसणार नाही. आणि शतकांपूर्वीच्या गुरूंनी नेमकी माझीच चूक का करावी?

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागले, तेव्हा कळले की हा अनुभव माझ्या एकटीचा नव्हता. जिनिव्हातले मानसशास्त्राचे प्राध्यापक थिओडोर फ्लूर्नुआ यांनी एलेन स्मिथ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या एका माध्यम (आपल्यामार्फत आत्मे बोलतात असे मानणाऱ्या) स्त्रीचा काही वर्षे अभ्यास केला आणि १९०० मध्ये तो प्रसिद्ध केला. समाधीत ती मंगळावरची भाषा बोलायची आणि लिहायची. तपासल्यावर त्या भाषेची वाक्यरचना तिच्या मातृभाषेची, म्हणजे फ्रेंचची निघाली. तिने कोणाला फसवले, असे फ्लूर्नुआ म्हणत नाहीत. मनाच्या आतल्या थरांनी तिच्या नकळत हे सगळे रचले, असे त्यांचे म्हणणे होते.

त्याच्याही आधी, १८५३ मध्ये, शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांनी मृतात्म्यांच्या बैठकीत टेबल सरकते ते कशाने, हे तपासले होते. त्यांनी हात आणि टेबल यांच्यामध्ये पुठ्ठ्याचे थर मऊ लुकणाने चिकटवून ठेवले. थर कोणत्या क्रमाने घसरले ते पाहिल्यावर दिसले की टेबलाच्या आधी हात सरकले होते. पुढे त्यांनी हाताचा दाब दाखवणारा काटा लावला. बसणाऱ्यांना तो काटा दिसू लागताच टेबल हलायचे थांबले. ही सगळी माणसे प्रामाणिक होती. आपण ढकलतो आहोत हे त्यांना खरेच कळत नव्हते. पेन्सिलीचेही तसेच असते.

सर्वांत जास्त हलले ते जादूगार हॅरी हुडिनीची हकिगत वाचून. आईवर त्याचा अतोनात जीव होता. १९२२ मध्ये, आई गेल्यानंतर, शेरलॉक होम्सचे लेखक सर आर्थर कॉनन डॉइल यांच्या पत्नीने स्वयंलेखनाने त्याच्या आईचे म्हणून पंधरा पाने इंग्रजी पत्र लिहिले आणि वर क्रूसाची खूण काढली. आई ज्यू धर्मगुरूची पत्नी होती आणि तिला इंग्रजी जवळजवळ येत नव्हते. आत्म्याचे विचार माध्यमाच्या भाषेतून उतरतात, असे डॉइल यांनी नंतर सांगितले. माझ्या ऱ्हस्व ‘शि’चेही मी काही महिने असेच समर्थन केले होते, त्यामुळे त्यांना नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण समोर बसलेल्या मुलाच्या मनात ती पाने उलटताना काय झाले असेल, ते मला कळते.

म्हणून हे सगळे टाकाऊ, असे मी म्हणत नाही. कवी यीट्स यांच्या पत्नीच्या हातून १९१७ पासून काही वर्षे असे लेखन होत राहिले आणि त्यातून यीट्स यांच्या कवितेला मोठे बळ मिळाले. आपण कवितेसाठी रूपके द्यायला आलो आहोत, असे त्या लेखनातूनच सांगितले गेले होते. माझ्याही वहीत एकदा आले, ‘फोन ठेवलास त्याचा राग नाही’. ते ताईने लिहिले की माझ्याच आतून आले, याचा निवाडा मी करू शकत नाही. पण त्या पानानंतर कितीतरी महिन्यांनी मी रात्रभर झोपले.

मात्र एक गोष्ट मी विसरू शकत नाही. ज्या वर्गात मी हे शिकले, तिथे माझ्या शेजारी एक गृहस्थ बसायचे. त्यांना आकडी यायची आणि त्यासाठी गोळ्या चालू होत्या. त्यांच्या मार्गदर्शकाने लिहिले, ‘आता गोळ्यांची गरज नाही.’ त्यांनी ते पान वर्गात दाखवले, तेव्हा शिकवणाऱ्यांनी तेच सांगितले जे आपल्या लेखात छापले आहे: शंका घेऊ नका. आकडीच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता एकदम बंद केल्या तर झटके उसळून येतात. रस्ता ओलांडताना त्यांना झटका आला आणि डोके आपटले. ते वाचले. त्या दिवशी वर्गात मीही गप्प बसले होते, हेही इथे लिहायला हवे.

संदेश तपासणे म्हणजे अश्रद्धा, हे मला मान्य नाही. स्टेंटन मोझेस हे धर्मोपदेशक होते. त्यांच्या हातून १८७३ पासून लेखन होऊ लागले. आपले विचार मध्ये येऊ नयेत म्हणून ते लिहिताना दुसरेच अवघड पुस्तक वाचत आणि आलेल्या उत्तरांशी जोरजोरात वाद घालत. आत्मे असतात हे ठाम मानणाऱ्या ॲलन कार्देक यांनीही खोटे बोलणाऱ्या आत्म्यांपासून सावध राहायला सांगितले होते. त्यांच्या श्रद्धेला शंकेने काही बाध आला नाही.

मी आता प्रश्न आधी तारखेसह लिहून ठेवते. आलेले पान महिनाभर झाकून ठेवते आणि मग माझ्या भाचीला वाचायला देते, कारण ती शब्द माझ्यासारखे तोडत नाही. औषध, पैसा आणि दुसऱ्याच्या मनात काय आहे, हे तीन विषय मी पेन्सिलीला विचारतच नाही. बसलेले नसतानाही हात लिहू लागला, आवाज हुकूम सोडू लागला, झोप उडाली, तर त्याच दिवशी वही बंद करून मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. हे शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी सांगायला हवे.

लेखाचा पुढचा भाग येणार आहे, असे आपण छापले आहे. त्यात ते वाक्य दुरुस्त करावे आणि गोळ्यांविषयीच्या दोन ओळी ठळक अक्षरांत द्याव्यात, ही विनंती. ते गृहस्थ अजूनही रोज पहाटे लिहायला बसतात आणि आपला अंक त्यांच्या घरी येतो.

कळावे,
आपली एक नियमित वाचक