ब्लॉगच्या जाहिरातीचे पैसे आणि बारा हजारांचा क्लास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकातल्या छोट्या जाहिरातींत 'घरबसल्या ब्लॉग लिहा, महिना पन्नास हजार कमवा' ही जाहिरात गेले दोन महिने दर रविवारी येते आहे. आमच्या वाडीतल्या एका मुलाने ती वाचून क्लासला बारा हजार रुपये भरले. ते पैसे त्याच्या आईने काजू बी विकून बाजूला ठेवलेले होते. परवा ती माऊली माझ्या पडवीत येऊन बसली. "वयनी, झिलान क्लासाक बारा हजार भरल्यान. आता खाता बंद झाला म्हणतत. ह्या खरा आसा मां?" तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते, कारण असे क्लास आता कणकवली-कुडाळपर्यंत भरू लागले आहेत.

मी 2016 पासून मराठीत ब्लॉग लिहिते. घावणे, फणसाची सांदणं, तिरफळं घालून केलेलं बांगड्याचं तिखलं, कुळथाची पिठी, जे सासूबाईंच्या हाताखाली शिकले ते. ब्लॉगवर जाहिराती लावून त्याचे पैसे लिहिणाऱ्याला देणारी गुगलची सेवा म्हणजे ॲडसेन्स. तेव्हा तिच्या जाहिराती मराठी मजकुराला लागत नसत. हिंदीला ती सोय 2014 मध्ये झाली, मराठीला 2018 मध्ये. मी 2019 मध्ये अर्ज केला. अर्जाला एक रुपयाही लागत नाही. वय 18 पूर्ण हवं आणि मजकूर स्वतःचा हवा, दुसरीकडून उचललेला नको. ब्लॉगस्पॉट या गुगलच्याच ठिकाणी ब्लॉगला जागाही फुकट मिळते. मग बारा हजार कशाचे घेतले, हे त्या मुलालाही सांगता आलं नाही.

दुसरा गैरसमज असा की जाहिरात लागली की पुढच्या महिन्यापासून पगार सुरू. खात्यात 10 डॉलर जमले की पत्त्याची खात्री करण्यासाठी टपालाने पिन येतो. माझा पहिला पिन ऐन आषाढात निघाला तो पोचलाच नाही; दुसरा मागवला तेव्हा पोस्टमनदादांनी हातात आणून दिला. त्यानंतरही 100 डॉलर पुरे होईपर्यंत बँकेत काही येत नाही. माझे पहिले 100 डॉलर जमायला 22 महिने लागले. ते पाठवले गेल्यावर आमच्या शाखेचा स्विफ्ट कोडच (परदेशातून पैसे यायला लागणारी बँकेची खूण) नाही असं कळलं, मग मोठ्या शाखेत दोन फेऱ्या. शिवाय स्क्रीनवर रोज दिसणारा आकडा अंदाजाचा असतो. महिना संपल्यावर त्यातून संशयास्पद क्लिकचे पैसे वजा होतात. आमच्याकडे मोहोर पाहून कुणी पेट्या मोजत नाही, पण हीच माणसं मोबाइलवरचा आकडा पाहून हप्त्याची गाडी घेतात.

गेल्या वर्षभरात मला 14,300 रुपये मिळाले. महिन्याचे नव्हे, वर्षाचे. त्यातले निम्म्याहून अधिक गणपतीच्या आगेमागे आले, उकडीचे मोदक आणि ऋषीची भाजी शोधणाऱ्या बायकांमुळे. मला हे पैसे लहान वाटत नाहीत. माझ्या लिहिण्याचे आहेत, मी ते जपून खर्च करते. पण त्यावर घर चालणार नाही, आणि चालेल असं कुणी सांगत असेल तर तो खोटं बोलतो.

वाचक वाढले की पैसे त्याच हिशेबाने वाढतात, हेही खरं नाही. आमच्या आचऱ्याच्या गावपळणीवर मी एकदा लिहिलं. रामेश्वराचा कौल मिळाला की माणसं, गुरं, कोंबड्या सगळे तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहतात, ते सगळं वर्णन. माझं सर्वांत जास्त वाचलं गेलेलं पान तेच, आणि जाहिरातीचे पैसे त्यावर सर्वांत कमी. का, तर जाहिरातीची जागा लिलावात विकली जाते. कर्ज, विमा असल्या विषयांवर बोली चढते. गावपळणीसाठी कोण बोली लावणार? वाचणारा कुठे बसला आहे यावरही भाव ठरतो. न्यू जर्सीतल्या एखाद्या माहेरवाशिणीने मोदकाचं पान उघडलं तर तिच्यासमोरच्या जाहिरातीला मालवणातल्या वाचकापेक्षा बराच जास्त भाव मिळतो. जाहिरातदाराने मोजलेल्या 100 रुपयांतले साधारण 68 रुपये लिहिणाऱ्याकडे येतात, पण मुळात ते 100 किती पानं वाचली गेल्यावर जमतात हे क्लासवाला सांगत नाही.

आता त्या मुलाचं ॲडसेन्सचं खातं का बंद झालं ते. क्लासवाल्याने 40 जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप केला आणि प्रत्येकाने रोज सकाळी दुसऱ्याच्या जाहिरातींवर क्लिक करायचं असं शिकवलं. याला तो 'सहकार' म्हणत होता. ही सरळ फसवणूक आहे. त्या क्लिकचे पैसे कुणा दुकानदाराच्या खिशातून जातात. स्वतःच्या जाहिरातीवर क्लिक करू नये, दुसऱ्याला करायला सांगू नये, हे नियमांत स्पष्ट लिहिलेलं असतं. असे क्लिक पकडले जातात, खातं बंद होतं, जमलेले पैसे जाहिरातदाराकडे परत जातात. आणि 2024 पासून पैसे मुख्यतः जाहिरात किती वेळा दिसली यावर मिळतात, क्लिकवर नव्हे. म्हणजे त्या मुलांना शिकवलेली लबाडीसुद्धा शिळी होती. मुलगा 19 वर्षांचा आहे, सरळ आहे, सरांनी सांगितलं ते त्याने केलं. मला राग त्याचा नाही.

परदेशातून आलेल्या पैशांवर कर नसतो असंही त्याला सांगितलं होतं. तो असतो. हे उत्पन्न वर्षाच्या बाकीच्या उत्पन्नात दाखवावं लागतं. मी दरवर्षी दाखवते.

संपादक महाराज, त्या मुलाकडे क्लासची पावती नाही. फी रोख घेतली, दिलेला फोन आता लागत नाही. तुमच्या कार्यालयात मात्र जाहिरात देणाऱ्याचं नाव आणि पत्ता असेल. तो त्या मुलाला द्यावा, पोलिसांकडे तक्रार लिहायला मी त्याच्यासोबत जाणार आहे. आणि पुढच्या रविवारी ती जाहिरात छापू नये.

आपली,
एक वाचक
आचरा, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग