नऊ नंबर कुणाला?

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय बंड्या,

घरचे सगळे बरे आहेत, एवढं आधी वाच. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येते. माझी शुगर होती तिथंच आहे. पत्र लिहायला बसलो कारण फोनवर तू मला हे पुरतं बोलू देत नाहीस. "मग घ्या की त्याला" म्हणतोस आणि मीटिंगला पळतोस. आणि ज्याच्याशी हे बोलावं असा माणूस आता आपल्या गल्लीत उरलेला नाही. सगळ्यांना फक्त निकाल हवाय.

आपल्या फुटबॉल क्लबात नवा स्ट्रायकर घ्यायचं चाललंय. गोव्याचा. पोरं त्याला पाव्हणा म्हणतात, मीही तेच लिहितो. वय ३१, गोव्याच्या वरच्या लीगमध्ये बरीच वर्षं खेळलेला, डाव्या गुडघ्याचं लिगामेंट एकदा शिवलेलं. शहापूरचे शेठ त्याचा सगळा खर्च करायला तयार आहेत: मानधन, खोली, गोव्याहून येणंजाणं. अट एकच, पैसे ह्याच खेळाडूसाठी. त्याच पैशात अख्ख्या संघाचे बूट, दोन नव्या जाळ्या आणि मैदान आखायचा वर्षभराचा चुना निघतो, हे मी कमिटीत बोललो तर आण्णा म्हणाले, "सुम बस, फुकटच्या गाईचे दात मोजू नये." आण्णा तर हार घेऊन स्टेशनवर उभे राहायच्या तयारीत आहेत.

आता पहिली गोष्ट. माणूस खेळतो उत्तम, ह्यात मला काडीचा संशय नाही. लेले मैदानावर सराव सामना ठेवला होता. पाऊस नुकता थांबलेला, गोलसमोरच्या डीमध्ये घोट्याएवढा चिखल. आपल्या कीपरने लांब किक मारली, हा स्टॉपरला, म्हणजे मधल्या बॅकला, पाठीवर घेऊन उभा. बॉल छातीवर घेतला, खाली पडायच्या आत मांडीने बाजूला काढला आणि वळायच्या आधीच विंगला दिला. देऊन थांबला नाही. सगळे बॅक बॉलकडे बघालेत तोवर हा स्टॉपरच्या पाठीमागून लांबच्या पोस्टकडे सरकला आणि एकदम उलटा फिरून जवळच्या पोस्टला आला. क्रॉस आला, पायाचं आतलं अंग लावलं, गोल. ओरडला नाही, पळत सुटला नाही. क्रॉस देणाऱ्या पोराकडे जाऊन त्याच्या पाठीवर थाप मारली. माझ्या अंगावर काटा आला रे. इतकं नीट फुटबॉल आपल्या मैदानावर मी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

मग अडचण काय, असं तू म्हणणार. थांब, सांगतो.

मागच्या हंगामात आपले गोल कमी झाले हे खरं. पण ते का कमी झाले हे कुणी बघतच नाही. मधल्या फळीत बॉल घेऊन मान वर करून बघणारा आपला एकच पोरगा होता, तो बंगळूरला नोकरीला गेला. तेव्हापासून बॅककडून बॉल थेट आभाळात जातो. विंगवाले कॉर्नरच्या झेंड्यापर्यंत पळतात आणि तिथेच बॉल घालवतात. नऊ नंबर, म्हणजे मधला स्ट्रायकर, अर्धा अर्धा तास बॉलला शिवत नाही. त्याच्या जागी कुणीही उभा केला तरी हेच होणार. पाणीच न लागलेल्या बोअरला भारीतली मोटर बसवायचं चाललंय हे.

आता मी एक नाव लिहिणार आणि तुला राग येणार. टोरेस. ३१ जानेवारी २०११, पाच कोटी पौंडांना लिव्हरपूलहून चेल्सीला. त्या रात्री तू मला झोपू दिलं नव्हतंस. लिव्हरपूलला मागून जेरार्ड मोकळ्या जागेत बॉल सोडायचा, हा त्याच्यावर सुटायचा, लीगच्या १०२ सामन्यांत ६५ गोल. चेल्सीत समोरचे संघ डीच्या तोंडाशी गर्दी करून बसायचे, पळायला जागाच नव्हती, आणि द्रोग्बा आधीपासून तिथं उभा. माणूस तोच, बूट तेच. पहिला गोल कधी, तर २३ एप्रिलला, वेस्ट हॅमविरुद्ध, तोही पावसाने तुंबलेल्या मैदानावर बॉल पाण्यात अडकून राहिला तेव्हा. तू रात्री गल्लीत फटाके लावलेस आणि तुझ्या बाबांना वाटलं कुणाचं तरी लग्न जमलं! पुढे चेल्सीसाठी लीगच्या ११० सामन्यांत २० गोल. आणि हो, २०१२ चा बार्सिलोनाविरुद्धचा गोल मला पाठ आहे, तो उत्तरात लिहू नकोस.

शेठचा थोरला मात्र सभेत व्हॅन पर्सी घेऊन आला. त्याचं म्हणणं चुकीचं नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या फर्ग्युसनने आर्सेनलकडून २९ वर्षांचा गडी आणला, त्याच्या पायाची दुखणी जगाला माहीत होती, आणि पहिल्याच हंगामात लीगचे २६ गोल. अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्ध हॅटट्रिक मारून २०१३ ची लीग मँचेस्टरला दिली. पण त्या हॅटट्रिकमधला दुसरा गोल डोळ्यांसमोर आण. जवळजवळ अर्ध्या मैदानावरून रूनीने बॉल टाकला, ह्याने तो खांद्यावरून येताना बघितला आणि पडू न देता मारला. रूनी होता म्हणून तो बॉल आला. मागं कॅरिक होता, गिग्ज होता. आपल्याकडं मागं कोण आहे, असं मी विचारलं तर सगळे चहाच्या कपात बघायला लागले.

पण बॉल कोण देणार हा माझा अर्धाच मुद्दा. उरलेला अर्धा तुझ्याचसाठी ठेवलाय.

आपल्या अंडर-१६ मधून वर आलेला एक पोरगा आहे, वडगावचा, वडील मागावर बसतात. अजून अठराचा नाही. डावखुरा, बारीक, उजवा पाय फक्त उभं राहायला. हेडर मारताना डोळे मिटतो. पण बंड्या, बॉल कुठं पडणार हे त्याला सगळ्यांच्या आधी कळतं. ते शिकवून येत नाही, तुझं तुला माहीत आहे. मागच्या हंगामात त्यानं सोपे गोल घालवले, लोकांनी कडेवरून शिव्या घातल्या, आणि पुढच्या हल्ल्याला तो पुन्हा त्याच जागी उभा. घालवलेल्या गोलनंतर पुन्हा तिथं जाऊन उभं राहणं हाच नऊ नंबरचा खरा अभ्यास आहे, आणि तो बेंचवर बसून होत नाही. पाव्हणा आला की ह्याला उजव्या विंगवर ढकलणार. आण्णांनी बोलूनही दाखवलं, "पळतो चांगला, विंगला चालेल."

हे वाक्य तू ह्याआधी कुठं ऐकलंस ते मी लिहायला नको. इचलकरंजीचा स्ट्रायकर आणला त्या वर्षी तुला "हेडर चांगला आहे" म्हणून राइट बॅकला टाकलं. आपण कप जिंकलो, गुलाल उधळला, आणि गणपतीपर्यंत तू बूट माळ्यावर टाकलेस. तेव्हा तू मला म्हणालास, संघ जिंकला ना, मग झालं. मी म्हणालो, झालं नाही. दोन महिने आपण बोललो नव्हतो. माझं मत आजही तेच आहे. इचलकरंजीचा दुसऱ्या वर्षी दुसऱ्या क्लबाकडे गेला आणि आपल्याकडं ना तो, ना तू. त्या कपावर आता धूळ आहे, आणि तुझ्यानंतर आपल्याला घरचा नऊ नंबर मिळालेला नाही.

आणि हे आपल्याच गल्लीचं दुखणं असतं तर मी एवढा तळमळलो नसतो. देशाचंच बघ. आयएसएलमध्ये, म्हणजे देशाच्या वरच्या लीगमध्ये, मैदानावरच्या परदेशी खेळाडूंची संख्या २०२१-२२ पासून चारवर आणली, तरी क्लब त्यातली एक जागा हमखास पुढच्या फळीला देतात. गोल करायचं काम विकत घेतलं जातं. परिणाम काय, तर सुनील छेत्रीनं ६ जून २०२४ ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध भारताकडून शेवटचा सामना खेळून निरोप घेतला, आणि मार्च २०२५ मध्ये त्याला परत बोलवावं लागलं. चाळिशीच्या माणसाला! आला आणि शिलाँगला मालदीवविरुद्ध गोलही केला. त्या आयएसएल हंगामात १४ गोल, भारतीय खेळाडूंत सगळ्यात जास्त. मला त्याचा जितका अभिमान वाटतो तितकीच काळजी वाटते. आपल्या शेजारचा कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपला भारताचा फॉरवर्ड होता. पुढे मोठ्या क्लबांत तो बहुतेक विंगवर दिसला. सगळीकडे हाच खेळ चाललाय, "पळतो चांगला, विंगला चालेल."

सभेत कुणीतरी "बाहेरचा कशाला" असंही म्हणालं. मी तिथल्या तिथं विरोध केला. आपल्या मैदानावर बॅक कन्नडमध्ये ओरडतो, कीपर उर्दूत, आपण मराठीत, कॅम्पातली पोरं कोकणी-इंग्रजीत, आणि "मॅन ऑन", म्हणजे मागून गडी आला, हे सगळ्यांना एकच कळतं. बेळगावातला फुटबॉल असाच वाढला. पाव्हणा गोव्याचा आहे ही माझी तक्रार कधीच नव्हती, हे तू तरी नीट समजून घे, कारण गल्लीत माझं नाव आता त्याच गटात घालालेत.

ह्यासाठीच सामन्यानंतर मी त्याला चहाला नेलं. बोगारवेशीत बसलो. मी सरळ विचारलं, आमच्याकडं एक पोरगा आहे, तू आलास तर त्याची जागा जाते, तुला काय वाटतं? तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, मला पंचविशीपर्यंत डाव्या विंगवर खेळवलं, कारण मध्ये परदेशी होता. मध्ये आलो तेव्हा गुडघा गेला. आणि मग त्यानं स्वतःहून सांगितलं: पोराला सुरुवात करू द्या, मी शेवटची वीस-पंचवीस मिनिटं खेळतो, लागलं तर त्याच्या मागं दहा नंबरला खेळतो, आणि सकाळी तासभर त्याला घेऊन बसतो. उजवा पाय आणि हेडर, दोन्हीला औषध आहे म्हणाला. पोस्टच्या समोर कधी थांबायचं आणि कधी सुटायचं ते मी त्याला दाखवतो म्हणाला.

बंड्या, मला ह्यापेक्षा जास्त काय पाहिजे? दहा नंबरला तो खेळला तर मधल्या फळीचंही थोडं भागतं. पाठीवर स्टॉपर घेऊन बॉल धरायचा आणि पुढं सोडायचा, हे तर त्याचं खरं काम आहे, ते मी त्या चिखलात बघितलंय. त्याला घ्यायला मी आता तयार आहे, पण ह्याच बोलीवर, आणि ही बोली सभेच्या वहीत लिहून. नऊ नंबरची जर्सी पोराकडंच राहिली पाहिजे. शेठना हे पटत नाही. म्हणतात, पैसे गोल करायला देतोय, शिकवणी घ्यायला नाही. आण्णा शेठना दुखवणार नाहीत. आणि मी एकटा बोललो की "ह्याचं नेहमीचंच" म्हणून सोडून देतात.

म्हणून तू पाहिजेस. तू आजीव सभासद आहेस, शेठचा थोरला तुझ्या बाकावर बसायचा, आणि आण्णा आजही तुझं नाव निघालं की खुर्चीत सरळ बसतात. राइट बॅकला टाकल्यावर तुला काय झालं ते तू त्यांना कधीच सांगितलं नाहीस. रेल्वे गेटजवळ त्या रात्री मला सांगितलंस, तेच आण्णांना सांग. मी सांगितलं तर ती चुगली होते.

तुझं काय चाललंय? चाकणच्या फ्लॅटचा ताबा मिळाला काय? पोरीची यंदा दहावी ना, तिला म्हणावं काकांनी कुंदा ठेवलाय, निकालाची वाट बघत नाही, कधीही ये. वहिनींची पाठ कशी आहे? आता पुणे-हुबळी वंदे भारत सुरू आहे, ती बेळगावला थांबते, तेव्हा "गाडीच मिळत नाही" हे गाणं बंद कर.

सभा रविवारी सकाळी दहाला आहे. शनिवारी आण्णांना फोन कर, पण रात्री नऊच्या आत, नंतर ते उचलत नाहीत. शेठच्या थोरल्याचा नंबर तुझ्याकडं आहेच. आणि पोराच्या पायाला सात नंबर लागतो. तिकडं स्वस्तात स्टडचे बरे बूट मिळत असले तर घेऊन ठेव, पैसे मी देतो.

तुझाच,
बापू