सुहा होजा, मोजायला शिकवलंत म्हणून

आदरणीय सुहा आरिन,

तुम्ही तुर्कस्तानातले माहितीपटकार आणि शिक्षक. तिकडे शिक्षकाला 'होजा' म्हणतात, म्हणून पुढे आम्हीही सुहा होजाच म्हणतो. फेब्रुवारी २००४ मध्ये तुम्ही गेलात, तेव्हा हे पत्र तुमच्या हाती पडणार नाही. तरी ते उघडपणे लिहितोय, कारण माहितीपट करणाऱ्या मराठी मुलांना तुमचं नाव क्वचितच ठाऊक असतं.

तुमचा जन्म १९४२ चा, बालिकेसिरचा. अमेरिकेत शिकून परत आलात आणि १९७४ मध्ये अनातोलियातल्या 'हाट्टी' आणि 'हिटाइट' या प्राचीन लोकांवरच्या माहितीपटापासून सुरुवात केलीत. तेव्हा तुर्की दूरदर्शनचं, म्हणजे टीआरटीचं, पहिलं प्रक्षेपण होऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती आणि वाहिनी एकच होती. बाकी चरित्र कुठेही मिळेल. आभार मानायचेत ते तुमच्या शीर्षकांचे.

'साफ्रानबोलुमधला काळ'. 'कापालीचार्शीत ४०,००० पावलं'. 'कुलात तीन दिवस'. 'काचेचा घाम'. (साफ्रानबोलु आणि कुला ही तुर्कस्तानातली गावं, कापालीचार्शी हा इस्तंबूलचा बाजार.) ओळीने वाचलं की कळतं, प्रत्येक नावात एक माप आहे. आमच्याकडे माहितीपटाचं नाव 'एक वारसा' किंवा 'एक प्रवास' असं ठेवायची खोड आहे, आणि मग निवेदनात 'वैभवशाली', 'समृद्ध' हे शब्द वीस वेळा येतात. माप ठरलेलं नसलं की विशेषणं लागतात.

४०,००० पावलंच घ्या. पाऊल ७० सेंटिमीटरचं धरलं तर २८ किलोमीटर होतात. इस्तंबूलचा हा छताखालचा बाजार साठेक गल्ल्यांचा आणि चारेक हजार दुकानांचा. हातात माप नसेल तर कॅमेरावाला लटकते दिवे, मसाल्यांचे ढीग आणि गालिचे टिपून दुपारी मोकळा होतो. संपादनाला बसल्यावर कळतं, एका शॉटमधून दुसऱ्यात जायला वाटच नाही. चालणाऱ्या माणसाच्या बाजूने विचार केला की प्रत्येक वळणाचे दोन शॉट आपोआप सुचतात, एक वळणाकडे येणारा आणि एक वळून पुढे गेलेला.

आणि बाजारातली ट्यूबलाइट, जी विजेबरोबर लुकलुकत असते. तुर्कस्तानात वीज ५० हर्ट्झची, आपल्याकडेही तीच. सेकंदाला २५ फ्रेम आणि १८० अंशांचं शटर (म्हणजे प्रत्येक फ्रेमच्या निम्म्या वेळेपुरतं उघडं) ठेवलं तर उघडीप, म्हणजे प्रकाश आत येण्याचा वेळ, १/५० सेकंदाची होते आणि दिवा स्थिर दिसतो. हौसेने २४ फ्रेम लावल्या की चित्र फडफडायला लागतं. तेव्हा शटर १७२.८ अंशांवर आणायचं. मंडईत हाच हिशोब जसाच्या तसा चालतो.

साफ्रानबोलुचा माहितीपट १९७६ चा. ते गाव युनेस्कोच्या यादीत आलं १९९४ मध्ये, म्हणजे मध्ये अठरा वर्षं गेली. तिथलं घर कसं उभं असतं ते समजल्याशिवाय कॅमेरा लावता येत नाही, हे आम्ही त्या गावावरूनच शिकवतो. तळमजला दगडी, आणि त्याची भिंत गल्लीच्या वळणाप्रमाणे वाकडी. वर लाकडी सांगाडा, त्यात कच्च्या विटा भरलेल्या. वरचा मजला गल्लीवर पुढे काढून खोल्या काटकोनात आणलेल्या. खालून वाइड लेन्सने वर बघितलं की उभ्या रेषा आत झुकतात आणि ही सगळी हुशारी दिसेनाशी होते. समोरच्या घराच्या वरच्या खिडकीत जायचं, ट्रायपॉडच्या पातळीदर्शकातला बुडबुडा मध्यावर आणायचा, मगच घर सरळ उभं राहतं.

आतही तसंच. माणसं खिडकीखालच्या बुटक्या बैठकीवर बसतात, डोळे जमिनीपासून मीटरभर, फार तर थोडे वर. ट्रायपॉड उभ्या माणसाच्या उंचीला ठेवला की खोली गोदामासारखी दिसते.

त्या घरांतलं फिरतं कपाट तर संपादनाचा अख्खा धडा आहे. भिंतीत बसवलेला, उभ्या आसावर फिरणारा लाकडी पिंप. बायकांच्या बाजूने ताट ठेवायचं, ढकलायचं, पुरुषांच्या बाजूला ताट हजर. ना चेहरा दिसत, ना हात. कॅमेरा एकच असेल तर हे दोनदा टिपावं लागतं. पहिल्या वेळी ताटाखाली खडूची खूण करायची, नाहीतर भिंत ओलांडताना ताट चार बोटं सरकतं. पिंप फिरण्याचा वेग दोन्हीकडे सारखा हवा, म्हणून ढकलणारं माणूस तेच ठेवायचं. आवाज मात्र एकाच बाजूचा घ्यायचा, लाकडाची करकर मध्येच तुटली तर कान लगेच पकडतो.

'तहताजी फातमा' १९७९ चा, तोरोस डोंगरात लाकूडतोड करणाऱ्या तहताजी समाजातल्या मुलीचा. लाकूडतोडीने शिकवलेली गोष्ट साधी आहे. शंभर मीटरवर कुऱ्हाड पडली की घाव आधी दिसतो, आवाज सुमारे ०.३ सेकंदाने येतो, म्हणजे २५ च्या हिशोबाने सात फ्रेम उशिरा. माइक कॅमेऱ्याजवळ असेल तर ध्वनी मागे सरकला असं वाटून मुलं तो 'दुरुस्त' करतात. करू नये. तेवढ्या उशिरानेच अंतर कळतं.

'काचेचा घाम'मधल्या काचेचं गणित उलटं. भट्टीतून काढलेला तापलेला गोळा आणि त्याच्यामागचा कारागीर एकाच फ्रेममध्ये असतात. गोळ्यावर प्रकाश मोजायचं मीटर धरलं तर माणूस काळा पडतो, माणसावर धरलं तर गोळ्याचा पांढरा डाग होतो. शीर्षकात घाम आहे, तेव्हा मोजमाप कपाळाचं. गोळा थोडा जळाला तरी चालेल.

अंकारात तुम्ही शिकवत होतात आणि विद्यार्थ्यांना स्वतःच्या चित्रणावर कामाला लावत होतात. तुर्कीत त्याला 'उस्ता-चिराक', म्हणजे उस्ताद आणि शिकाऊ, म्हणतात; पहिला शब्द आपल्या उस्तादाचा भाऊच. १६ मिमीचं ४०० फुटांचं रीळ २५ फ्रेमला १० मिनिटं ४० सेकंद चालतं. ते काळ्या पिशवीत हात घालून भरताना घामाचा बोटाचा ठसा फिल्मवर उमटतो आणि डेव्हलप झाल्याशिवाय दिसत नाही. असली गोष्ट फळ्यावर सांगून कुणाला कळत नाही.

आता रिळं गेली, कार्डात तासन्‌तास मावतं. म्हणून आमच्या वर्गात पहिला आठवडा कॅमेरा द्यायचाच नाही असं ठरलंय. विषयाच्या जागी जायचं, पावलं मोजायची, ऊन कुठल्या खिडकीतून किती वाजता येतं ते लिहायचं आणि कागदावर एकच माप घेऊन यायचं. ही पद्धत तुमच्या शीर्षकांतून उचलली आहे, तुम्हाला न विचारता. त्याबद्दल आभार, आणि माफीही.

आपले,
माहितीपट करणारे आणि शिकवणारे काही मराठी जण