रंग जुळवायचा तर आधी सीलर पाहा

महोदय,

गाडीला पोचा आला की सोलापुरातील बहुतेक गॅरेजांत कंपनीच्या रंगाचा कोड पाहून रंग मिसळून आणला जातो; त्याखाली मारायच्या सीलरची, म्हणजे अस्तराच्या थराची, छटा मात्र डब्यात जी उरली असेल तीच असते. लाल, पिवळा आणि मोतिया पांढरा हे रंग मुळात कमी झाकणारे असल्याने खालची छटा त्यांतून डोकावते. गडद राखाडी सीलरवर रंगवलेला माझ्या लाल गाडीचा दरवाजा शेजारच्या फेंडरपुढे (चाकावरच्या पत्र्यापुढे) चक्क काळपट दिसतो. त्यावर कोटावर कोट चढवणे म्हणजे रंगाची नासाडीच. सीलरचा राखाडी वरच्या रंगाइतकाच उजळ वा गडद निवडला, तर थोड्या कोटांत काम भागते.

जुळणीची परीक्षा रंग पातळ असताना डब्यात डोकावून होत नाही. पत्र्याच्या तुकड्यावर तोच सीलर, रंगाचे ठरलेले कोट आणि क्लिअर (सर्वांत वरचा पारदर्शक थर) मारून, तो पूर्ण वाळल्यावर, पॉलिश केलेल्या जुन्या भागाशेजारी धरावा. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात वेगळा दिसू शकतो आणि मेटॅलिक रंग तर समोरून जुळला तरी तिरके पाहताच फसवतो. आपल्याकडच्या उन्हात वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचा मूळ रंगही कोडाप्रमाणे उरलेला नसतो. तेव्हा शेजारच्या भागावर रंग विरवत न्यावा लागतो, आणि त्याचा खर्च अंदाजपत्रकात आधीच लिहावा. गॅरेजचालकांनी असा नमुना ग्राहकाला उन्हात दाखवून, त्याची संमती घेऊनच गाडीवर रंगाची स्प्रे-गन चालवावी, ही विनंती.

– एक वाहनधारक, सोलापूर